बोल्ट तुटत नाही, भोक सैल होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील हरणांच्या शिकारीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. तिथले धनुर्धारी शिकारी खोडात भोके पाडून त्यांत बोल्ट घालतात आणि त्यांवर पाय देत मचाणावर चढतात, ही त्यातली माहिती बरोबर आहे. मात्र 'लोखंडी बोल्ट असल्याने तुटण्याची भीती नाही' आणि 'काम झाल्यावर बोल्ट काढून घेतात, त्यामुळे झाडाला इजा होत नाही' ही दोन विधाने वाचून कुणी ड्रिल मशीन उचलून रानात गेले, तर हातपाय मोडून घेईल किंवा दंड भरेल. आपला अंक तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळीही वाचतात आणि त्यांतले काही जण परवाना काढून शिकारीला जातात, म्हणून हे सविस्तर पत्र. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इथे लिहिलेले सगळे अमेरिकेतल्या परवान्याच्या हंगामापुरते आहे.

आधी कायद्याचे सांगतो, कारण निम्मा प्रश्न तिथेच निकाली निघतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत मचाण बांधण्यासाठी खिळे, तार, स्क्रू किंवा बोल्ट वापरायला केंद्रीय नियमांनी बंदी आहे. शिकाऱ्याचा भार पेलण्यासाठी ज्या झाडात धातूची वस्तू ठोकली किंवा पिळून बसवली आहे, त्या झाडावरून शिकार करायलाही तिथे मनाई आहे. म्हणजे आयत्या पायऱ्या दिसल्या म्हणून कुणी दुसऱ्याच्या झाडावर चढला, तर तोही नियम मोडतो. राष्ट्रीय वनांमध्ये परवानगीशिवाय झाडाला इजा करणे हाच गुन्हा आहे. मिशिगन राज्याच्या सार्वजनिक जमिनीवर झाडावर चढण्यासाठी साल भेदून आत जाणारे कोणतेही साधन चालत नाही. पिळून बसवायच्या तयार पायऱ्याही त्यात आल्या. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहिल्याशिवाय सार्वजनिक जमिनीवर ड्रिल बाहेर काढू नये. राहिली खासगी जमीन. तिथे झाड जमीनमालकाचे असते. शिकारीची परवानगी मिळाली म्हणजे भोके पाडायची परवानगी मिळाली असे होत नाही. ती वेगळी मागावी, लेखी घ्यावी आणि कोणत्या झाडांना, हे मालकाला हिंडून दाखवावे.

एवढी कटकट असताना लोक या पद्धतीच्या मागे का लागतात? कारण ती खरोखर सोयीची आहे. बोल्टांचा एक संच दहा झाडांना पुरतो. जाताना बोल्ट काढले की खोडावर फक्त बोटाएवढी भोके उरतात, त्यामुळे मचाणाची जागा इतरांच्या नजरेत भरत नाही आणि चोरीला जायला मागे काही राहत नाही. पट्ट्याने आवळायच्या शिड्या वाकड्या खोडावर डुगडुगतात, बोल्ट तसा डुगडुगत नाही. पिळून बसवायची पायरी थंडीत, हातमोजे घालून, कडक ओकमध्ये फिरवणे किती जिवावर येते ते करणाऱ्यालाच ठाऊक. तयार भोकात बोल्ट मात्र दोन बोटांनी आत जातो.

आता बोल्ट. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे तर चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाडीचा, षट्कोनी डोक्याचा आणि आठ इंच लांबीचा बोल्ट घ्यावा. तीन सुती बोल्ट हलका पडतो म्हणून बरेच जण तोच उचलतात, आणि चूक इथूनच सुरू होते. ढोबळ हिशेब पाहा. थंडीचे कपडे, बूट आणि सामानासह माणूस २५० पौंडांचा धरला आणि त्याचा भार घट्ट लाकडापासून तीन इंच बाहेर पडतो असे मानले, तर चार सुती दांड्यावरचा वाकवणारा ताण चौरस इंचाला सुमारे ६१,००० पौंड येतो. तोच भार तीन सुती दांड्यावर सुमारे १,४५,००० पौंडांवर जातो. बोल्टच्या पोलादाची ताकद ग्रेडने सांगतात. ग्रेड ५ चे पोलाद ९२,००० पौंडांच्या आसपास कायमचे वाकू लागते, ग्रेड ८ चे १,३०,००० ला. म्हणजे तीन सुती बोल्ट ग्रेड ८ चा असला तरी वाकणार. आणि डोक्यावर काहीच खूण नसलेला साधा बोल्ट ५७,००० ला हार मानतो, त्यामुळे तो चार सुती असूनही उपयोगाचा नाही. ग्रेड ओळखणे सोपे आहे. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. वरचा हिशेब शांतपणे उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. उतरताना पाय निसटून खालच्या बोल्टवर आदळला तर भार सहज दुप्पट होतो, म्हणून ग्रेड ८ च घ्यावा. ग्रेड ८ ठिसूळ असतो, काचेसारखा तुटतो, असे सांगणारे भेटतात. तोही तुटण्याआधी वाकतोच, फक्त उशिरा वाकतो.

पूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट किंवा आट्यांची सळई कधीही वापरू नये. आट्यांच्या तळाशी चार सुती दांड्याची जाडी ०.४० इंचाच्या आसपास उरते आणि वाकण्याला विरोध करण्याची ताकद निम्म्यावर येते. आठ इंची अर्धवट आट्यांच्या बोल्टला टोकाला दीड इंचच आटे असतात. ते भोकात खोल जातात आणि खोडाच्या तोंडाशी गुळगुळीत, पूर्ण जाडीचा दांडा येतो. ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो, त्यामुळे ही रचना सोयीची आहे.

पण बोल्ट तुटून पडल्याचे फारसे घडत नाही. दगा देते ते भोक, आणि लेखातली सर्वांत मोठी त्रुटी हीच आहे. बोल्ट लाकडात तीन इंच रुतलेला असेल, तर वरच्याच भाराखाली भोकाच्या खालच्या ओठावर चौरस इंचाला सुमारे १,७०० पौंडांचा दाब येतो. खोली दीड इंचावर आणली की तोच दाब ५,३०० च्या पुढे जातो. खोली निम्मी केली, दाब तिपटीहून जास्त वाढला. ओकचे लाकूड एक वेळ तग धरेल, पॉप्लरचे चेंगरणार. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दहा-बारा वेळा चढउतार झाली की भोक अंडाकृती होते, बोल्टचे डोके खाली झुकते आणि एका सकाळी ओल्या बुटाखालून पाय घसरतो. म्हणून तीन इंच खोली घट्ट लाकडात मोजायची, साल त्यात धरायची नाही. जुन्या ओकची साल इंचभर जाड असू शकते आणि तिचा आधार शून्य. साल इंचभर असेल तर बोल्ट एकूण चार इंच आत आणि चार इंच बाहेर राहतो, बूट मावायला तेवढी जागा पुरते. सहा इंची बोल्ट जाड सालीच्या झाडाला अपुरा पडतो.

भोक पाडण्याची रीत अशी. बोल्ट जितक्या जाडीचा तितकेच, चार सुती, लाकडाचे लांब ऑगर बिट (मळसूत्री पिळाचे) घ्यावे. चपट्या पात्याचे बिट ओल्या लाकडात भोक वेडेवाकडे आणि मोठे करते. बिटवर हव्या त्या खोलीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे अंदाज करत बसावे लागत नाही. जिवंत झाडाचा भुसा ओला असतो, बिटला चिकटून बसतो. दर इंचाला बिट बाहेर ओढून भुसा काढला नाही तर बिट अडकते, मशीन हातात गरकन फिरते आणि मनगट पिरगळते. भोकाची दिशा आत जाताना किंचित खाली, पाच ते दहा अंश, म्हणजे बोल्टचे बाहेरचे डोके जरा वर राहते आणि भार पडला की बोल्ट आतच सरकतो. उलट उतार दिला तर तो पावलागणिक बाहेर येत राहील.

या खालच्या उताराची किंमतही मोजावी लागते. मेपलचा रस काढणारे शेतकरी भोक आत जाताना किंचित वर चढते ठेवतात, म्हणजे रस आणि पाणी बाहेर वाहते. शिकाऱ्याचे भोक नेमके उलटे, पावसाचे पाणी धरून ठेवणारे. डिसेंबरात त्या पाण्याचा बर्फ होतो आणि पहाटेच्या अंधारात बोल्ट दीड इंचावर अडतो. तेव्हा 'आज एवढ्यावर भागवू' म्हणणे म्हणजे वर सांगितलेला तिप्पट दाब आपण होऊन ओढवून घेणे. बोल्ट पूर्ण खोलीपर्यंत गेला नाही तर त्या दिवशी त्या झाडावर चढू नये. हातोडीने ठोकू तर नयेच. एक तर आवाज रानभर जातो, दुसरे म्हणजे ठोकून बसवलेला बोल्ट निघत नाही.

दोन बोल्टांत उभे अंतर पंधरा ते अठरा इंच ठेवावे, आणि ते खोडाच्या दोन अंगांना आलटून पालटून यावेत. अठरा इंचांहून जास्त अंतर गुबगुबीत कपड्यांत झेपत नाही. मचाण अठरा फुटांवर असेल तर पंधरा इंचांच्या हिशेबाने साधारण चौदा बोल्ट मचाणापर्यंत लागतात. वर आणखी तीन हवेत, आणि हे तीन नवशिके हटकून विसरतात. मचाणावर खालून वर चढायचे नसते. त्याच्या पातळीच्या वर जाऊन, वरचा बोल्ट हातात घट्ट धरून, फळीवर उतरायचे असते. शेवटच्या बोल्टवरून फळीची कड धरून अंग वर खेचताना मचाण हलले की आधार काहीच उरत नाही. एकूण सतरा बोल्ट, प्रत्येकी सुमारे अर्धा पौंड, म्हणजे आठ-साडेआठ पौंडांचे ओझे. ते एका पिशवीत टाकले तर चालताना खणखणत राहतील. काडतुसांच्या पट्ट्यासारखे कापडी कप्पे शिवून प्रत्येक बोल्ट वेगळा ठेवावा. पाय घसरू नये म्हणून काही जण दांड्यावर रबरी नळीचा तुकडा चढवतात. तो सैल असेल तर पायाखाली गोल फिरतो आणि माणूस खाली येतो. त्यापेक्षा कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे बरे.

पहिल्या वेळी चढता चढता भोके पाडायची असतात आणि तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून खोडाभोवती फिरणारा लाइनमनचा पट्टा आणि पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच चढवावा. पुढचे भोक कंबर ते छाती या उंचीत पाडावे, डोक्यावर हात ताणून नाही, कारण तिथून कोन साधत नाही आणि तोलही जातो. मशीन दोरीने कमरेला बांधलेले असावे. नवा बोल्ट बसला की पट्ट्यावर भार ठेवूनच त्यावर जोर देऊन पाहावे आणि मग पाय टाकावा. मचाणापर्यंत पोचले की बसल्यावर डोक्याच्या वर येईल अशा उंचीला जीवनदोर बांधून तो थेट बुंध्यापर्यंत सोडावा. पुढच्या प्रत्येक चढाईला जमिनीवरूनच हार्नेस त्या दोरावरच्या प्रुसिक गाठीत (हाताने सरकते, पण ताण पडला की आवळते अशी गाठ) कॅराबिनरने, म्हणजे झडपेच्या कडीने अडकवायचा आणि गाठ वर सरकवत जायचे. गाठ सदैव डोळ्यांच्या पातळीला किंवा वर असावी. मचाणावर बसल्यावर हार्नेसच्या दोरात ढील राहता कामा नये. तीन फूट ढील म्हणजे तीन फूट पडणे आणि मग फळीच्या खाली लोंबकळणे. तसे लोंबकळत राहिल्यास मांड्यांवर पट्टे आवळले जाऊन रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. पाय टेकवायला दोरीचा फास आणि छातीच्या खिशात फोन असलाच पाहिजे. बोल्टांच्या पायऱ्यांना एक जास्तीचा धोका आहे. दोर नसताना माणूस खोडालगत घसरला तर खालचे बाहेर आलेले प्रत्येक डोके त्याच्या अंगात, कपड्यांत, हनुवटीत घुसते. शिडीला हा दोष नाही. धनुष्य पाठीवर घेऊन चढू नये. बाणांची पाती झाकून सगळे जमिनीवर ठेवावे आणि दोरीने वर ओढून घ्यावे. जमिनीवर ते अशा बाजूला ठेवावे, की आपण पडलो तरी त्यावर येणार नाही.

आता झाडाला इजा होते की नाही, याविषयी. अमेरिकन वनसेवेतले वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभ्या करून ती कोंडून टाकते. बाहेरून साल मिटते, आतले मेलेले लाकूड तसेच राहते आणि डागाचा पट्टा भोकाच्या वर-खाली लांबवर पसरतो. मेपलचा रस काढणारे पुढच्या वर्षीचे भोक जुन्या भोकाच्या वर किंवा खाली पाडत नाहीत, बाजूला सरकवतात, ते याचसाठी. शिवाय तीच मंडळी झाडावरची जखम लहान व्हावी म्हणून साडेतीन सुती भोकावरून अडीच सुतीवर आली आहेत आणि दोन इंचांहून खोल क्वचितच जातात. आपण चार सूत जाड, चार इंच खोल, आणि एका झाडाला सतरा भोके पाडतो. 'इजा होत नाही' हे विधान यापुढे टिकत नाही.

सगळी झाडे सारखी कोंडत नाहीत. व्हाइट ओक, शुगर मेपल हे काम चांगले करतात. बर्च, विलो, पॉप्लर यांच्यात कूज लवकर पसरते, आणि विलो, पॉप्लर यांचे लाकूड मऊ असल्याने भोकही लवकर सैल होते. म्हणून ती झाडे सोडावीत. छातीच्या उंचीला बारा इंचांहून कमी जाड खोड घेऊ नये; दोन अंगांनी तीन-तीन इंच आत गेल्यावर बारीक खोडात उरते काय? मेलेल्या किंवा मरू घातलेल्या ॲश जातीच्या झाडावर तर कधीच चढू नये. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या पाचूरंगी भुंग्याने ही झाडे अफाट संख्येने मारली आहेत. वाळलेली ॲश फार लवकर ठिसूळ होते, भुसा कोरडा आणि पिठासारखा निघतो. असा भुसा कुठल्याही झाडातून निघाला तर भोक तिथेच सोडून खाली यावे.

ओकच्या बाबतीत महिनाही पाहावा लागतो. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग रस खाणारे बारीक किडे एका झाडावरून दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर नेतात. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात एप्रिल ते जुलै हा सर्वांत वाईट काळ, टेक्ससमध्ये तो फेब्रुवारीलाच सुरू होतो. रेड ओक एकदा सापडला की काही आठवड्यांत वाळतो आणि जमिनीखाली जुळलेल्या मुळांतून रोग शेजारच्या ओककडे जातो. जूनमधल्या एका हौशी रविवारी पाडलेल्या सतरा भोकांपायी मालकाचा अख्खा ओकचा पट्टा जाऊ शकतो. उत्तरेकडे भोके पाडायला सर्वांत योग्य वेळ म्हणजे हंगाम संपल्यावरचा कडक हिवाळा, जानेवारी-फेब्रुवारी. पानगळ झालेली असते, हरणांच्या वाटा बर्फात स्पष्ट दिसतात, किडे उडत नाहीत, आणि ड्रिलच्या आवाजाने बिथरलेली हरणे शरद ऋतूपर्यंत तो प्रकार विसरतात. भोकात लाकडी खुंटी ठोकू नये किंवा लांबी (पुट्टी) भरू नये, ओल आत कोंडते. रोगाच्या महिन्यांत ओकला जखम करणे टळलेच नाही, तर मात्र ताबडतोब जखमेवर रंग लावावा. एरवी रंगाने काही साधत नाही.

ब्लॅक वॉलनट, व्हाइट ओक, ब्लॅक चेरी या झाडांचा बुंध्याकडचा पहिला ओंडका सर्वांत मोलाचा असतो. उत्तम वॉलनटचे एक झाड व्हेनियरवाल्यांना, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्यांना, हजारो डॉलरला जाते. चढण्यासाठी आपण भोके पाडतो ती नेमकी त्याच ओंडक्यात. लोखंड आणि ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य भेटले की निळसर काळा डाग पडतो आणि खरेदीदार भाव पाडतो, त्यामुळे विकाऊ झाड निवडण्याआधी मालकाला विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही, त्याच्या पैशाचा प्रश्न आहे. वाकडे, फांद्यांनी भरलेले, गिरणीत न जाणारे झाड मचाणाला तसेही चांगले, आडोसा जास्त मिळतो. अशा झाडालाही पुढच्या वर्षी जुने भोक आतून लाकूड फुगून अरुंद झालेले आढळले तर पुन्हा ड्रिल घालून ते मोठे करू नये. त्यामुळे झाडाने उभारलेली भिंत फुटते, आणि भोक सैल होते ते वेगळेच. ते झाड सोडून द्यावे.

हंगाम संपला की सगळे बोल्ट काढून मोजावेत. रोजच्या जाण्या-येण्यात निदान खालचे चार तरी काढून न्यावेत, म्हणजे मुले किंवा वाटसरू वर चढणार नाहीत. सतरापैकी सोळाच हाती लागले तर अंधारात चाचपडत पुन्हा वर जाऊ नये, दिवसाउजेडी जाऊन उरलेला काढावा. राहिलेला बोल्ट झाड हळूहळू गिळत जाते, आणि ग्रेड ८ चे ते पोलाद पुढे कधीतरी कुणाच्या तरी चेनसॉच्या साखळीला सापडते.

आपला,
एक वाचक, मिशिगन